दिवंगत भगिनीची ओवाळणी

आपल्या मासिकांत बीं-बियाणें, खतें, बोंडअळी व बाजारभाव यांची चर्चा नेहमीं होते, व ती व्हावयासच पाहिजे. मृताच्या स्मरणार्थ विद्यार्थ्यांकरितां निधि कसा जमवावा हा विषय येथें काढल्याबद्दल कांहीं वाचक कदाचित् नाक मुरडतील. परंतु हा विषय शेतकऱ्याच्या घरचाच आहे. किंबहुना त्याच्या सातबाऱ्याशीं त्याचा अगदीं निकट संबंध आहे. तो कसा, हें पुढें येईलच.

पूर्वीं आपल्या परभणी जिल्ह्यांत भाऊ किंवा बहीण वारली म्हणजे गोदावरींत अस्थि सोडून, तेरावें उरकून लोक कामास लागत. फार तर देवळाच्या पायरीवर नांव कोरविलें जाई. आतां चौकांत श्रद्धांजलीचा मोठा फलक लागतो व पंधरा दिवसांत वाऱ्यानें फाटून तारेला लोंबतो. ज्यांस याहून बरें कांहीं करावें असें वाटतें, ते गांवच्या शाळेंत मृताच्या नांवें बक्षीस ठेवतात. ही रीत स्तुत्य आहे, आणि ती पडूं लागली याचा आम्हांस आनंदच वाटतो. तथापि तिचें आजचें स्वरूप आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. पांच-दहा हजारांची ठेव ठेवावयाची, तिच्या व्याजांतून पंधरा ऑगस्ट रोजीं दहावींत पहिल्या आलेल्या मुलास पांचशें एक रुपये व प्रशस्तिपत्र द्यावयाचें, छायाचित्र काढावयाचें, कीं झालें. आमचें म्हणणें असें कीं, जो मुलगा पहिला आला त्याची शाळा बहुधा सुटत नसते. त्याच्यासाठीं मामा, काका, गुरुजी सारेच धांवतात. शाळा सुटते ती ५७ टक्क्यांनीं पास झालेल्या थोरल्या मुलीची. आणि ती त्या समारंभांत टाळ्या वाजविणारांच्या रांगेंतही नसते, कारण जूनमध्यें जी घरीं बसली ती बसलीच.

भावंडाच्या नांवें विद्यार्थि-निधि असावा यांत एक खोल औचित्य आहे. शेतकऱ्याच्या घरीं एक शिकतो तो पुष्कळदां दुसऱ्याच्या जिवावर शिकतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें नांव कोणास ठाऊक नाहीं? परंतु १८७९ सालीं त्यांचे वडील वारले तेव्हां त्यांचे ज्येष्ठ बंधु गोविंदराव यांनीं आपलें शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली व त्यांतील आठ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणाकरितां पाठविले, ही गोष्ट किती जणांच्या लक्षांत असते? पंधरांतले आठ! राहिलेल्या सातांत त्यांनीं संसार कसा चालविला असेल, याचा हिशेब ज्यानें तुटपुंज्या पगारावर घर चालविलें आहे त्यानेंच करावा. आपल्याकडेही प्रत्येक शिकलेल्या माणसाच्या मागें असा एक गोविंदराव औताच्या मागें चालत असतो. मास्तर, ग्रामसेवक, डॉक्टर होऊन जे शहरांत गेले, त्यांनीं अशा भावाच्या नांवें गांवांत निधि उभारला तर त्याहून योग्य स्मारक आम्हांस सुचत नाहीं.

परंतु भावापेक्षांही मोठें देणें बहिणीचें असतें, आणि येथेंच सातबाऱ्याचा संबंध येतो.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली. आमचें शिक्षण मराठी शाळेच्या पलीकडे फारसें गेलें नाहीं. जें कांहीं कळतें तें फेरफार-रजिस्टर वाचून कळलेलें आहे. बाप वारला कीं वारसांची नोंद येई; तींत मुलगे व मुली या सर्वांचीं नांवें लागत. मग कांहीं महिन्यांतच पुष्कळदां दुसरी नोंद येई, ती हक्कसोडीची. हिंदु वारसा कायदा १९५६ सालीं झाला तेव्हांपासून बापाच्या मिळकतींत मुलीस वांटा आहे. महाराष्ट्रानें १९९४ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून, त्या सालच्या २२ जूनपूर्वीं जिचें लग्न झालेलें नाहीं अशा मुलीस वडिलोपार्जित एकत्र मिळकतींतही मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ सालच्या केंद्र सरकारच्या दुरुस्तीनें ती लग्नाची अट गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजीं विनीता शर्मा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं हा हक्क जन्मानेंच प्राप्त होतो, त्यासाठीं ९ सप्टेंबर २००५ रोजीं बाप हयात असण्याची जरुरी नाहीं. कायदा असा पायरीपायरीनें बहिणीकडे चालत आला. बहीण मात्र त्याच सुमारास निबंधकाच्या कचेरींत अंगठा देऊन परत जात होती.

त्या कागदांत ‘विनामोबदला, प्रेमापोटीं’ असे शब्द असतात. ते खोटे असतात असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं ते अक्षरशः खरे असतात, आणि म्हणूनच त्यांचें ओझें अधिक आहे. नोंदीपूर्वीं विचारण्याची पद्धत म्हणून आम्ही एकदां एका वृद्ध बाईस विचारलें, “बाई, खुशीनें सोडतां ना?” ती म्हणाली, “जमीन घेतल्यावर माहेर कुठं राहील, भाऊसाहेब?” आपल्याकडे तलाठ्यास व कारकुनास ‘भाऊसाहेब’ म्हणण्याची रीत आहे, त्या दिवशीं तो शब्द आमच्या कानांस निराळा लागला. तिला एक लुगडें व चोळीचा खण मिळाला असेल. तिच्या वांट्यास आलेली जमीन बागायत होती.

आतां आमच्या घरची हकीकत सांगणें प्राप्त आहे, कारण ज्यास आपण स्वतः हात घातला नाहीं तें लोकांस सांगूं नये. आमच्या वडील भगिनी, ज्यांस आम्ही तिघे भाऊ आक्का म्हणत असूं, त्या गेल्या वर्षीं पौषांत निवर्तल्या. त्यांची शाळा चौथींत सुटली. मातोश्री खुरपणीस व कापूस वेंचणीस जात, तेव्हां धाकट्यांस सांभाळण्यास घरीं कोणी तरी पाहिजे होतें. आम्ही पाटी घेऊन शाळेस जात असूं आणि संध्याकाळीं त्या आमच्याच धड्यांवरून बोट फिरवून वाचावयास शिकत. सासरीं गेल्यावर पुढें त्यांच्या गांवच्या बचत-गटाची वही त्यांच्याच हातीं होती, आणि त्या वहींत एका पैची चूक कधीं निघाली नाहीं. आमच्या वडिलांची स्वकष्टार्जित जमीन बारा एकर. मातोश्री आधींच वारल्या होत्या, तेव्हां वडिलांमागें वारस आम्ही चौघे. म्हणजे तीन एकर आक्कांचे. त्यांनीं हक्क सोडला व नोंद आम्हां तिघांच्या नांवें मंजूर झाली.

वर्षश्राद्ध जवळ आलें तेव्हां त्यांचें स्मारक काय करावें यावर घरांत मतें पडलीं. कोणी देवळास कळस सुचविला, कोणी गांवजेवण. शेवटीं ठरलें तें असें कीं, त्या तीन एकरांचें ठोक्याच्या चालू दराप्रमाणें जें एका वर्षाचें उत्पन्न होईल, तें तिघांनीं मिळून दरसाल काढावें; पहिलीं पांच वर्षें तें मुद्दलांत जावें; आणि गांवांतील ज्या कुटुंबांस आपल्या बहिणीचें नांव त्यांत घालावयाचें असेल त्यांनाही तो निधि मोकळा असावा. आक्कांच्या थोरल्या चिरंजिवांनीं त्याच बैठकींत विचारलें, “मामा, आईचा वांटा तुमच्याकडं, अन् दान तुम्ही करणार, मग तें कोणाच्या पैशानं?”

प्रश्न सरळ होता. अशा बैठकींत तरुणास गप्प करण्याची आपल्याकडे चाल आहे. ती आम्हांस पसंत नाहीं. ज्या कोणास असा निधि काढावयाचा असेल त्यानें प्रथम मयत भगिनीच्या मुलांसमोर बसून याच प्रश्नाचें उत्तर द्यावें. निधि हा वांट्याचा मोबदला नव्हे. जेथें भाचे-भाच्यांस जमिनीची गरज आहे, जेथें हक्कसोड फसवून किंवा दडपणानें घेतलेली आहे, तेथें जमीन परत करावी. शाळेंतल्या पाटीवर बहिणीचें नांव लिहून तो व्यवहार धुतला जात नाहीं. जेथें भाचे आपल्या जागीं सुखी आहेत व आईचा शब्द मोडूं इच्छीत नाहींत, तेथेंच निधीची गोष्ट काढावी, आणि त्यांतही त्यांचा हात असावा. आमच्या येथें आक्कांच्या कन्येची सही झाल्यावांचून खात्यांतून एक रुपयाही निघणार नाहीं असें ठरलें, आणि चिरंजीव हिशेब-तपासनीस झाले. मामांचा हिशेब भाच्यानें तपासावा यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.

वर्गणी मागावी कशी? या बाबतींत नवें कांहीं शोधण्याचें कारण नाहीं. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यांत विधवांकरितां आश्रम काढला व १९०० सालीं तो हिंगण्यास नेला. त्या संस्थेनें ‘भाऊबीज निधि’ या नांवानें घरोघर वर्गणी गोळा करण्याची प्रथा पाडली. आश्रमांत शिकणारी मुलगी ही तुमची बहीण. दिवाळींत तिला ओवाळणी घाला, एवढेंच मागणें. हें मागणें नाकारणें कठीण, कारण तें भीक नसून नातें आहे. आणि त्या संस्थेच्या मुळाशींही एक भाऊ-बहीण आहेतच. कर्व्यांचे स्नेही नरहरपंत यांनीं आपली विधवा बहीण गोदूबाई हिला १८८९ सालीं पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांत शिकावयास घातलें. त्या सदनाच्या अगदीं पहिल्या विद्यार्थिनींपैकीं ती एक. १८९३ सालीं तिचा कर्व्यांशीं पुनर्विवाह झाला, व तीच पुढें बाया कर्वे म्हणून प्रसिद्धीस आली. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा. तिनें आश्रमासाठीं गांवोगांव फिरून वर्गणी जमविली, व इंग्रजीचें ज्ञान बेताचें असतां १९१८ सालीं अमेरिका गांठली. तिची ‘माझी कहाणी’ ज्यांस मिळेल त्यांनीं अवश्य वाचावी. मृताच्या नांवें विद्येचें काम उभें राहिल्याचीं उदाहरणेंही आहेतच. राजर्षि शाहू महाराजांचे धाकटे पुत्र शिवाजी १९१८ सालीं वारले. १९२० सालीं त्यांच्या नांवें कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांकरितां मोफत वसतिगृह निघालें. त्याच १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं आपल्या मातोश्री नाथीबाई यांच्या नांवें कर्व्यांच्या महिला विद्यापीठास पंधरा लक्ष रुपये दिले. पंधरा लक्ष देणारा सेठ आपल्या तालुक्यांत नाहीं, हें खरें. परंतु बहीण प्रत्येकाच्या घरीं झालेली आहे.

भाऊबीज हाच दिवस कां, याचें एक शेतकी कारणही आहे, आणि तें आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें. कार्तिक शुद्ध द्वितीयेच्या सुमारास सोयाबीन बाजारांत गेलेलें असतें, कापसाची पहिली वेंचणी घरांत आलेली असते. वर्षांतून याच वेळीं कुणब्याच्या हातीं चार पैसे खेळतात. मुलीस पैसा लागतो तो मात्र जून-जुलईंत. प्रवेश, खोलीची अनामत, खाणावळीचा पहिला महिना, वह्या-पुस्तकें हीं सर्व एकदमच येतात. आणि नेमक्या त्याच वेळीं बाप बियाणें व खत यांच्या दुकानासमोर उभा असतो. पेरणी चुकली तर वर्ष बुडतें, प्रवेश चुकला तर मुलगी ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ म्हणून घरीं राहते. बाप पेरणी निवडतो, आणि त्यास आम्ही दोष देत नाहीं. कार्तिकांत जमवावें व ज्येष्ठांत द्यावें, एवढें एक साधलें तरी निधीचें सार्थक झालें. पंधरा ऑगस्टचा समारंभ फार उशिरा येतो. शासनाचे जे भत्ते आहेत तेही प्रवेश झाल्यानंतरच खात्यांत जमा होतात, आणि ते कधीं होतील याचा नेम नसतो.

जातां जातां एक गोष्ट. पूर्वीं अडतीवर शेतकऱ्याच्या मालांतून ‘धर्मादाय’ म्हणून कांहीं भाग कापून घेत. कोणता धर्म, कोणास दान, हें शेतकऱ्यास कोणी सांगत नसे. पुण्य अडत्याच्या खातीं व तूट कुणब्याच्या खातीं. आमचे वडील हें हंसत सांगत असत. तेव्हां दान देण्याची संवय आपणांस नाहीं असें नव्हे. पावती घेण्याची संवय नाहीं.

वर्गणीचें प्रमाण रुपयांत न ठरवितां मालांत ठरवावें, म्हणजे लहान-मोठा कोणीही लाजणार नाहीं. क्विंटलामागें एक किलो, सोयाबीन असो कीं कापूस, हें प्रमाण आमच्या गांवीं बहुतेकांस झेपण्यासारखें वाटलें. ज्यास शेतच नाहीं अशा मजुराकडून मागूं नये; त्यानें आपण होऊन दिलें तर त्याची पावती सर्वांच्या आधीं फाडावी. आणि कोणाकडे मागावयास जावें असें कोणी विचारील, तर आमच्यासारखा जुना कारकून सांगेल कीं गांवचें फेरफार-रजिस्टर ही वर्गणीदारांची उत्तम यादी आहे. अर्थात् ती यादी चावडीवर वाचून कोणास लाजवूं नये. मनांत ठेवावी, आणि ज्या घरीं हक्कसोडीची नोंद आहे तेथें जरा अधिक वेळ बसावें.

पैसा कोणास द्यावा याविषयीं आमचें मत ठाम आहे. गुणांचा क्रम लावूं नये. ज्या घरांत धाकटीं भावंडें आहेत त्या घरची थोरली मुलगी प्रथम, कारण शाळेंतून पहिली काढली जाते ती तीच. गंगाखेड, पालम, जिंतूर या भागांतून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत हें विशेष दिसतें. आईबाप दसऱ्या-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याकडे जातात व धाकटीं भावंडें, म्हातारी आजी, शेरडें हीं सारीं तेरा-चौदा वर्षांच्या मुलीवर सोंपविलेलीं असतात. तिला पुस्तकांपेक्षां घरीं दुसरें माणूस पाहिजे असतें. निधीच्या नियमांत अशा ठिकाणीं शेजारच्या एखाद्या वृद्ध बाईस चार महिने थोडा मोबदला देण्याची मुभा ठेवावी. ही गोष्ट विद्यार्थि-वेतनाच्या व्याख्येंत बसत नाहीं असें आमच्या एका शिक्षक मित्रांनीं म्हटलें. न बसली तर व्याख्या रुंद करावी.

फीचा प्रश्न मुलींच्या बाबतींत पुष्कळसा सुटला आहे हें मान्य केलें पाहिजे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानें वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण-शुल्क व परीक्षा-शुल्क पूर्ण माफ झालें. पांचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींस अहिल्याबाई होळकर योजनेखालीं एस.टी.चा पासही मोफत आहे. तेव्हां निधींतून फी भरूं नये. जेथें एस.टी. जात नाहीं त्या फाट्यापर्यंतची सायकल, परभणीस किंवा नांदेडास राहण्याची खोली, खाणावळ, कागदपत्रांच्या हेलपाट्यांचें भाडें, यांसाठीं तो वापरावा. उत्पन्नाच्या व जातीच्या दाखल्याविना माफी मिळत नाहीं, आणि दाखल्यासाठीं बापाची दोन दिवसांची मजुरी बुडते. हें आम्ही कचेरींत खिडकीच्या आंतून पुष्कळ वर्षें पाहिलें आहे.

हिशेबाविषयीं थोडें. पांच लाखांचें मुद्दल जमलें व शेंकडा सात व्याज धरलें, तर वर्षास ३५,००० रुपये येतात. ते सारे वांटूं नयेत. महागाई मुद्दलास आंतून खात असते. म्हणून निदान पांचवा भाग, म्हणजे ७,००० रुपये, मुद्दलांत परत घालावे व २८,००० वांटावे. चार मुलींस सात-सात हजार. दहा मुलींस अठ्ठावीसशें देऊन दहा घरें खुष करण्याचा मोह होतो. तो टाळावा, त्यांत एकीचेंही वर्ष निघत नाहीं. निधि मोठा होणार असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वयें धर्मादाय आयुक्तांकडे त्याची नोंदणी करावी. लहान असेल तर जुन्या व विश्वासाच्या एखाद्या शिक्षणसंस्थेकडे लेखी अटींवर कायम ठेव म्हणून द्यावा. मंडळाच्या अध्यक्षाच्या खाजगी खात्यांत तो एक दिवसही ठेवूं नये, मग अध्यक्ष कितीही देवमाणूस असोत. दरसाल भाऊबीजेस जमाखर्च चावडीवर मोठ्यानें वाचावा. त्यांत मयत भगिनींचीं नांवें असावीं, मदत घेणाऱ्या मुलींचीं नसावीं.

दुधनेकांठच्या आमच्या गांवीं येत्या कार्तिकांत पावती-पुस्तक फिरेल. पावतीवर पहिली ओळ भगिनीच्या नांवाची, माहेरच्या नांवासह. देणाराचें नांव तिच्या खालीं. भावांच्या नांवें कोणी दिल्यास तेंही घेतलें जाईल. एका गृहस्थांनीं आपल्या हयात असलेल्या बहिणीच्या नांवें रक्कम देऊं केली होती. ती आम्हीं आदरपूर्वक परत केली. हयात भगिनीची ओवाळणी तिच्याच ताटांत घालावी, आणि त्या दिवशीं सातबाऱ्याचें बोलणें निघालें तर तें अर्ध्यावर सोडूं नये, इतकें त्यांस कळविलें आहे.